लातिनाच्या शेतांवर येणाऱ्यांनो, दिवस मोजा

रोमच्या दक्षिणेला लातिना, साबाउदिया या पट्ट्यातल्या मुळा, झुकिनी आणि किवीच्या शेतांवर राबणारे भारतीय बहुतेक पंजाबी आहेत. मराठी माणूस क्वचित भेटतो, त्यामुळे पंजाबी आपोआप येऊ लागते. इटालियन मात्र मुद्दाम शिकावी लागते, आणि ती आधी शिकावी.

इथला ‘कापोराले’ म्हणजे आपल्या ऊसतोडीतला मुकादमच. कामावर गाडीत भरून नेणारा आणि रोजातून स्वतःचा वाटा कापून घेणारा हा माणूस पुष्कळदा आपलाच देशबंधू असतो, आणि ‘घरचाच समजा’ म्हणणाऱ्यापासून तर जास्तच सावध राहावे. २०१६ च्या १९९ क्रमांकाच्या कायद्याने तो आणि मजुरांना असे पिळणारा मालक, दोघेही गुन्हेगार ठरतात. तरीही पहाटे गाडी येतेच.

माझी सर्वांत महागात पडलेली चूक ‘बुस्ता पागा’ न वाचण्याची होती. पगाराची ही चिठ्ठी दरमहा हातात पडे, पैसे ठरल्याप्रमाणे मिळत आणि मी ती घडी घालून पेटीत टाकत असे. करारात आठवड्याला ३९ तास असतात, प्रत्यक्षात हरितगृहात मी रोज दहा-दहा तास वाकलेला असे. चिठ्ठीवर मात्र महिन्याचे चार किंवा पाचच दिवस लागत होते. शेतमजुराला बेकारी भत्ता मिळण्यासाठी दोन वर्षांत मिळून किमान १०२ दिवसांची नोंद लागते, हे मला ‘पात्रोनातो’च्या, म्हणजे मजुरांना भत्त्याचे अर्ज भरून देणाऱ्या मदत कार्यालयाच्या, खिडकीपाशी कळले, तेव्हा माझ्या नावावर ७१ दिवस होते. म्हणून तारीख, शेत, तास आणि गाडीत घेणाऱ्याचे नाव रोज रात्री वहीत लिहावे, दर महिन्याला चिठ्ठीशी ताडून पाहावे आणि फरक दिसताच, वर्षअखेरीची वाट न पाहता, कामगार संघटनेकडे जावे.

२०२५ च्या उन्हाळ्यात अतिउष्णतेच्या दिवशी दुपारी १२.३० ते ४ उघड्यावर काम करण्यास इथल्या लात्सिओ प्रांताने मनाई केली होती.

अपघात झाल्यास मालकाच्या गाडीची वाट न पाहता स्वतः ११२ फिरवावा. जून २०२४ मध्ये याच भागात यंत्राने हात तुटलेल्या एका पंजाबी मजुराला रुग्णालयात नेण्याऐवजी घरासमोर टाकून देण्यात आले आणि तो वाचला नाही. त्याच्याकडे कामाची कागदपत्रे नव्हती.

भत्त्याचा अर्ज ३१ मार्चपर्यंतच घेतात. वही सोबत न्यावी.