बेलफास्टची ब्लॅक टॅक्सी टूर: भिंतीच्या दोन्ही बाजू नीट पाहायच्या तर

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये काळ्या टॅक्सीतून शहराचा रक्तरंजित इतिहास दाखवतात. पण ती टॅक्सीही त्याच इतिहासातून आलेली आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम बेलफास्टमध्ये दंगल पेटली की बस पळवायची, रस्त्यात आडवी घालायची आणि पेटवून द्यायची, असं सुरू झालं. बससेवा वरचेवर बंद पडू लागली. तेव्हा लोकांनी लंडनमध्ये वापरून जुन्या झालेल्या काळ्या टॅक्सी आणल्या आणि ठरलेल्या रस्त्यावर, माणशी भाडं घेऊन, आपल्याकडच्या शेअर रिक्षांसारख्या चालवल्या. फॉल्स रोडवर कॅथलिक वस्तीच्या टॅक्सी आणि शँकिल रोडवर प्रॉटेस्टंट वस्तीच्या. पुढे पर्यटक यायला लागले तेव्हा असेच चालक गाइड झाले. त्यामुळे गाडी चालवणारा माणूस अनेकदा त्याच गल्ल्यांमध्ये वाढलेला असतो. या टूरचं बळ त्यात आहे, आणि अडचणही त्यातच आहे: तो जे सांगतो ते त्याने या दोन वस्त्यांना वेगळं करणाऱ्या भिंतीच्या एका बाजूने पाहिलेलं असतं. टूरची आखणी करताना हे सतत डोक्यात ठेवा.

जाण्याआधी एवढं माहीत हवं

युनियनिस्ट म्हणजे उत्तर आयर्लंडने ब्रिटनसोबतच राहावं असं मानणारे, बहुतेक प्रॉटेस्टंट. नॅशनलिस्ट म्हणजे आयर्लंड बेट एक देश व्हावं असं मानणारे, बहुतेक कॅथलिक. त्यांच्यातल्या कडव्या प्रवाहांना अनुक्रमे लॉयलिस्ट आणि रिपब्लिकन म्हणतात. भांडण बायबलच्या अर्थावरून नव्हतं. आपला देश कोणता, आणि घरं, नोकऱ्या व मताचा अधिकार कोणाला किती, यावरून होतं. १९६८मध्ये नागरी हक्कांचे मोर्चे निघाले, ऑगस्ट १९६९मध्ये बेलफास्ट पेटलं आणि ब्रिटिश लष्कर रस्त्यावर उतरलं. लष्कराची ती मोहीम संपली थेट ३१ जुलै २००७ला. मधल्या काळाला तिथे ‘द ट्रबल्स’ म्हणतात. १० एप्रिल १९९८च्या गुड फ्रायडे कराराने त्याचा मुख्य अध्याय मिटला.

मृतांची संख्या साडेतीन हजारांहून जास्त आहे, त्यातले सुमारे १५०० एकट्या बेलफास्टमधले. मारणाऱ्यांमध्ये रिपब्लिकन संघटनांचा वाटा सुमारे ६० टक्के, लॉयलिस्टांचा सुमारे ३० आणि सुरक्षा दलांचा सुमारे १० टक्के. हे आकडे लक्षात ठेवाच. दीड तासात तुमच्या चालकाने या तिघांपैकी एकाचं नावच घेतलं नाही, तर काय सुटलं ते लगेच कळेल.

बुकिंग

टूर साधारण ९० मिनिटांची असते. शक्य असेल तर दोन तासांची घ्या. तासाभराची टूर, किंवा ‘टायटॅनिक संग्रहालयही वाटेत दाखवतो’ अशी जोडटूर टाळावी. तासाभरात गाडीतून उतरायला जेमतेम दोन-तीन ठिकाणी मिळतं, आणि बसल्या जागेवरून काचेतून पाहिलेली भिंत कळत नाही.

भाडं बहुधा गाडीमागे असतं: दोन किंवा तीन माणसांपर्यंत एक ठरलेली रक्कम, त्यापुढे माणशी वाढ. म्हणून ‘माणशी किती?’ असं न विचारता ‘आम्ही एवढे जण, घेऊन-सोडून एकूण किती?’ असं विचारा. काळ्या टॅक्सीत बहुतेक वेळा पाच प्रवासी बसतात, काहींत सहा. सात-आठ जण असाल तर दोन गाड्या लागतील. मग दोन्ही गाड्यांनी एकत्र थांबावं आणि उतरल्यावर एकाच गाइडने सगळ्यांशी बोलावं, हे आधीच ठरवा. नाहीतर अर्ध्या कुटुंबाने एक इतिहास ऐकलेला असतो आणि उरलेल्यांनी दुसरा.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या. गाडी किती ठिकाणी थांबून उतरायला मिळेल? शँकिल आणि फॉल्स, दोन्हीकडे उतरवणार का? आणि शेवटी सोडणार कुठे? तिसरा प्रश्न किरकोळ वाटतो, पण टूर झाल्यावर एखादं संग्रहालय पाहायचं असेल तर तिथेच उतरता येतं आणि वेगळी गाडी करावी लागत नाही. व्हीलचेअर असेल तर रॅम्पची गाडी हवी हेही तेव्हाच सांगा. टॅक्सी आणि चालक दोघांनाही तिथल्या सरकारी वाहन संस्थेचा परवाना लागतो. गाडीवर परवान्याची प्लेट आणि चालकाकडे बिल्ला नसेल तर बसू नका.

वेळ सकाळी दहा-अकराची उत्तम. डिसेंबरात तिथे चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, तेव्हा हिवाळ्यात दुपारी एकनंतर सुरुवात करू नका. भित्तिचित्रं अंधारात दिसत नाहीत. शिवाय दोन्ही वस्त्यांमधल्या भिंतीतली काही फाटकं संध्याकाळी बंद होतात आणि मग गाडीला लांबचा वळसा पडतो. जूनमध्ये मात्र रात्री दहापर्यंत उजेड असतो.

११ आणि १२ जुलै टाळा. ११च्या रात्री लॉयलिस्ट वस्त्यांत प्रचंड होळ्या पेटतात, १२ला १६९०च्या बॉइनच्या लढाईत प्रॉटेस्टंट राजा विल्यमने मिळवलेल्या विजयाच्या मिरवणुका निघतात. रस्ते बंद, चालक सुट्टीवर आणि वातावरण तापलेलं. उन्हाळ्यात क्रूझ जहाज बंदराला लागलं असेल त्या दिवशी चांगल्या चालकांच्या वेळा आधीच गेलेल्या असतात. आठवडाभर आधी बुकिंग करा.

व्हिसा आणि पैसे

डब्लिनहून रेल्वेने येणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांची इथे नेहमी फसगत होते. वाटेत सीमेवर गाडी थांबत नाही, शिक्का पडत नाही, म्हणून व्हिसा लागत नाही असं वाटतं. पण बेलफास्ट युनायटेड किंग्डममध्ये आहे आणि साधा आयरिश व्हिसा तिथे चालत नाही. ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेखाली व्हिसा मिळाला असेल, आणि त्यावर तशी नोंद असेल, तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं. अट अशी की ज्या देशाने तो दिला त्या देशात आधी उतरायचं.

चलन पाउंड, युरो नव्हे. उत्तर आयर्लंडमधल्या बँका स्वतःच्या पाउंडच्या नोटा छापतात. त्या खऱ्याच असतात, पण इंग्लंडमधले दुकानदार घ्यायला कुरकुरतात. पुढे लंडनला जाणार असाल तर त्या नोटा बेलफास्टमध्येच संपवा. टिप सक्तीची नाही. मनापासून सांगणाऱ्या चालकाला दहा टक्के जरूर द्यावी.

गाडीत

मागचा कप्पा समोरासमोरच्या बैठकीचा असतो: तिघांचं बाक आणि त्यासमोर उघडमिट होणाऱ्या दोन सीट, ज्यांवर बसणाऱ्याचं तोंड मागे असतं. गाडी लागते त्यांनी बाकावर बसावं. चालकाचा आवाज काचेपलीकडून स्पीकरवर येतो. पहिल्याच सिग्नलला आवाज नीट येतोय का ते सांगा. बेलफास्टचा उच्चार वेगवान आणि कानाला नवा असतो. ‘जरा सावकाश बोला’ असं म्हटलं तर कोणी रागावत नाही. पाऊस गृहीत धरा आणि छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट घ्या, हात मोकळे राहतात. सेल्टिक किंवा रेंजर्सची जर्सी घालू नका. ग्लासगोच्या या दोन फुटबॉल क्लबांचे रंग तिथे थेट बाजू सांगतात.

मार्ग

चालकाचा ठरलेला क्रम असतो, पण विनंती केली तर बहुतेक जण बदलतात. सगळ्यात उपयोगी क्रम असा: आधी शँकिल, मग कूपर वे, मग लॅनर्क वेच्या फाटकातून पलीकडे बॉम्बे स्ट्रीट, आणि शेवटी फॉल्स रोडने परत. असं केलं की एकच भिंत दोन्ही बाजूंनी, पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने पाहता येते.

शँकिल रोडच्या खालच्या भागातली वसाहत लॉयलिस्ट भित्तिचित्रांसाठी ओळखली जाते. घोड्यावरचा राजा विल्यम तिथे असतोच. पुढे मुख्य रस्त्यावर फ्रिझेल्स या मासळीच्या दुकानाची जागा आहे. २३ ऑक्टोबर १९९३ला, शनिवारी, ऐन गर्दीत तिथे आयआरए या रिपब्लिकन सशस्त्र संघटनेचा बॉम्ब वेळेआधी फुटला. दुकानावरच्या खोलीत लॉयलिस्ट पुढाऱ्यांची बैठक आहे असं समजून तो आणला होता. नऊ जण गेले, त्यात दोन लहान मुली. शिवाय बॉम्ब आणणाऱ्यांपैकीही एक मेला. आठवड्याने, ३० ऑक्टोबरला, लॉयलिस्टांनी ग्रेस्टील गावातल्या बारवर गोळीबार केला, त्यात आठ जण मेले. एका घटनेपाशी उभं असताना ‘याच्या आधी काय झालं होतं आणि यानंतर काय?’ हा प्रश्न विचारायची सवय इथूनच लावा.

कूपर वेला शांतता-भिंत आहे. ती तीन थरांत नीट पाहा: खाली काँक्रीट, त्यावर पत्रा, त्यावर उंच जाळी. पलीकडून दगड आणि पेट्रोल बॉम्ब येत राहिले तशी उंची वाढत गेली. इथे चालक मार्कर देतो आणि लोक भिंतीवर नाव लिहितात. लिहायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आमच्या मते आधी पाच मिनिटं भिंतीवर काय काय लिहिलंय ते वाचावं, आणि लिहायचंच तर घोषणा, झेंडे, पक्षांची नावं नकोत, कारण भिंतीलगत लोक राहतात. निघण्याआधी चालकाला विचारा, ‘बॉम्बे स्ट्रीट नेमका कुठे?’ तो समोरच बोट दाखवेल.

लॅनर्क वेचं फाटक ओलांडताना वेग कमी करायला सांगा. ७ एप्रिल २०२१ला याच परिसरात बस पळवून जाळली गेली आणि फाटकावरून दोन्हीकडची पोरं एकमेकांवर दगड-बाटल्या फेकत होती. उत्तर आयर्लंड सरकारने २०१३मध्ये दहा वर्षांत सगळ्या भिंती काढायचं ठरवलं होतं. २०२३ उलटलं, तरी भिंती उभ्या आहेत. ‘भिंत काढावी का?’ हा या टूरमधला सर्वांत चांगला प्रश्न आहे, आणि तो इथेच विचारावा. भिंतीजवळ राहणाऱ्या बऱ्याच लोकांना ती सुरक्षेसाठी हवी असते. पाहुण्याला हे खटकतं, पण त्यांची कारणं ऐकून घ्या.

बॉम्बे स्ट्रीटला नक्की उतरा. नावात आपलं शहर आहे, शेजारी कश्मीर रोडही आहे. साम्राज्याच्या काळातली ही नावं. १५ ऑगस्ट १९६९ला लॉयलिस्ट जमावाने ही कॅथलिक गल्ली जाळली. त्या दिवशी १५ वर्षांचा एक मुलगा गोळी लागून मेला. पुढच्याच महिन्यात लष्कराने पहिली शांतता-भिंत घालायला घेतली. आता स्मृतिउद्यानापाशी उभे राहून घरांच्या मागच्या बाजूला पाहा. परसांवर पिंजऱ्यासारखी जाळी आहे, वरून फेकलेलं आत पडू नये म्हणून. मागे दिसते ती मघाचीच भिंत. पलीकडे कोणी शेगडी पेटवली तर इकडे वास यावा इतक्या जवळ तुम्ही थोड्या वेळापूर्वी उभे होता, आणि गाडीला मात्र फाटकातून फिरून यावं लागलं. जवळच क्लोनार्ड मठ आहे. शांतताप्रक्रियेच्या सुरुवातीच्या गुप्त बोलण्यांत तिथल्या फादर अलेक रीड यांचा मोठा वाटा होता.

फॉल्स रोडवर सेवास्तोपोल स्ट्रीटच्या कोपऱ्याला, शिन फेन या रिपब्लिकन पक्षाच्या कचेरीच्या भिंतीवर बॉबी सँड्सचं चित्र आहे. राजकीय कैद्याचा दर्जा मिळावा म्हणून १९८१मध्ये त्याने उपोषण केलं. उपोषण चालू असतानाच ९ एप्रिलला तो ब्रिटिश संसदेवर निवडून आला, आणि ६६व्या दिवशी, ५ मेला, वयाच्या २७व्या वर्षी वारला. त्याच्यामागून आणखी नऊ जण गेले. उपोषण म्हटलं की मराठी माणसाच्या मनात गांधीजी येतात. पण सँड्स आयआरएचा सशस्त्र सदस्य होता, हे विसरून चित्र पाहू नका. परतीच्या वाटेवर डिव्हिस स्ट्रीटची आंतरराष्ट्रीय भिंत लागते. तिथली चित्रं वरचेवर बदलतात. शेजारचा डिव्हिस टॉवर पाहा. त्याच्या गच्चीवर २००५पर्यंत लष्कराचं टेहळणी ठाणं होतं.

काय विचारावं, काय टाळावं

‘तुम्ही कॅथलिक की प्रॉटेस्टंट?’ असं तोंडावर विचारू नका. ‘तुम्ही कुठल्या रस्त्यावर वाढलात?’ एवढं पुरतं, उत्तरात सगळं येतं. ‘शाळा कोणती, दुकान कोणतं, रात्री कुठून जात नसायचा?’ अशा प्रश्नांना तारखांपेक्षा कितीतरी खरी उत्तरं मिळतात. दोन्ही बाजूंच्या स्मारकांपाशी तेच प्रश्न विचारा आणि चालकाचा आवाज कुठे बदलतो ते ऐका. त्याच्याशी वाद घालू नका, आणि आपल्याकडच्या दंगली किंवा फाळणीशी तुलना करण्याची घाई करू नका.

भित्तिचित्रांचे फोटो बिनधास्त काढा. लहान मुलं, घरांच्या खिडक्या, पोलीस आणि पोलीस ठाणी यांचे काढू नका. बंदूकधाऱ्यांच्या चित्रापुढे तशीच पोज देऊन फोटो काढणं हा तिथल्या मृतांच्या घरच्यांचा अपमान आहे. ‘तुम्ही इंग्लंडमधले लोक’ असं शँकिलवरही म्हणू नका, कारण इंग्लंड म्हणजे ब्रिटन नव्हे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना नेता येतं, पण चालकाला आधी वय सांगा, तो तपशील त्याप्रमाणे सांभाळतो.

टूर संपल्यावर

एकाच चालकाची बाजू ऐकली असं वाटलं, तर दुसऱ्या दिवशी माजी कैद्यांची पायी टूर घ्या. फॉल्सचा भाग रिपब्लिकन माजी कैदी दाखवतो, भिंतीपाशी तो तुम्हाला लॉयलिस्ट माजी कैद्याच्या हवाली करतो. तेवढा वेळ नसेल तर चालकाला सिटी हॉलपाशी सोडायला सांगा. समोरच्या लिननहॉल ग्रंथालयात १९६८पासून दोन्ही बाजूंची पत्रकं, भित्तिपत्रकं आणि मासिकं जमवलेली आहेत, आणि आत जायला पैसे पडत नाहीत. अल्स्टर म्युझियमही फुकट आहे, पण सोमवारी बंद असतं.