झिरोमध्ये राहण्याची खोली निवडताना

अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात खोली शोधताना संकेतस्थळावरील तारांकनांपेक्षा खोली नेमकी कोणत्या गावात आहे, हे आधी पाहावे. हापोली हे बाजारपेठेचे गाव असल्यामुळे बहुतेक लॉज, एटीएम आणि औषधांची दुकाने तिथे सापडतात. मात्र भातखाचरे आणि तिथल्या आपातानी जमातीच्या लोकांची लाकडी-बांबूची घरे यांसाठी एवढा प्रवास केला असेल, तर होंग किंवा सिरोसारख्या गावातील होमस्टेच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. घराच्या मध्यभागी पेटलेल्या चुलीभोवती यजमानांसोबत जेवण्यातले सुख कोणत्याही हॉटेलात मिळत नाही.

पैसे भरण्यापूर्वी यजमानांना फोन अवश्य करावा. गरम पाणी गीझरचे मिळते की चुलीवर तापवून बादलीने दिले जाते, स्वच्छतागृह खोलीला जोडलेले आहे की अंगणात, वीज गेल्यावर काय सोय आहे आणि थंडीत जादा पांघरूण मिळेल का, एवढे विचारून घ्यावे. खोलीचे व बाथरूमचे ताजे फोटो व्हॉट्सॲपवर मागवण्यात संकोच बाळगू नये. शाकाहारी असाल तर तेही आधीच सांगावे, कारण तिथल्या रोजच्या स्वयंपाकात मांस-मासळी असतेच.

सप्टेंबरच्या अखेरीस होणाऱ्या संगीत महोत्सवाच्या दिवसांत खोल्या फार लवकर भरतात, म्हणून आरक्षण काही महिने आधी करावे. इनर लाइन परमिट, म्हणजे राज्याबाहेरील भारतीयांना लागणारा सरकारी प्रवेश परवाना, घेतल्याशिवाय राज्यात प्रवेश मिळत नाही. त्याची प्रत आणि पुरेशी रोकड जवळ ठेवावी.