किसुमूच्या सेवादौऱ्याला निघण्यापूर्वी

आपल्या ठाण्याच्या ख्रिस्ती मंडळीतून केनियातील किसुमूला अल्पकालीन सेवेसाठी जाणाऱ्या गटाने तयारीची सुरुवात बॅगेपासून न करता यजमान मंडळीच्या पत्रापासून करावी. तिथल्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, आपल्याकडून नेमकी कोणती सेवा हवी आहे हे त्यांच्याकडून लेखी मागवावे आणि त्यावरूनच गटात कोणाला घ्यायचे ते ठरवावे. त्यांनी रविवार शाळेच्या शिक्षकांसाठी वर्ग मागितले असतील, तर आपण हौसेने चर्चच्या भिंती रंगवू नयेत. रंगारी किसुमूतही आहेत आणि त्यांना त्या मजुरीची गरज आहे.

कागदपत्रांपैकी पासपोर्ट प्रथम पाहावा. पोहोचण्याच्या तारखेपासून तो किमान सहा महिने वैध असला पाहिजे. नसेल तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ लगेच घ्यावी. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवाना लागू केला असून, त्या अर्जात प्रवासाचे खरे कारणच लिहावे. आपल्या सेवेसाठी वेगळा परवाना लागतो का, याची चौकशी यजमान मंडळीने तिथल्या इमिग्रेशन खात्यात करून त्याचे उत्तर कळवल्याशिवाय तिकिटे काढू नयेत. सुवार्तेच्या कामाला जाताना अर्जावर पर्यटन लिहिणे हे खोटेच आहे आणि त्याचा भुर्दंड आपण परतल्यावर यजमानांना पडतो.

आरोग्याच्या तयारीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते, अशी केंद्रे मुंबईत आहेत आणि लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी तिचे प्रमाणपत्र लागू होते. म्हणून शेवटच्या आठवड्यावर हे काम ढकलून चालत नाही. ते पिवळे कार्ड परतीच्या प्रवासातही हाताशी ठेवावे, कारण केनियाहून येणाऱ्या प्रवाशाजवळ ते नसेल तर भारतात उतरल्यावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी, गरोदर भगिनींनी आणि साठी ओलांडलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आहे आणि त्या भागात मलेरिया नैरोबीपेक्षा कितीतरी अधिक आहे. प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधीच सुरू कराव्या लागतात व परतल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्याव्या लागतात. घरी आल्यावर बरे वाटते म्हणून त्या मध्येच सोडू नयेत. पाणी उकळलेले किंवा सीलबंद बाटलीतलेच प्यावे. १८१३ मध्ये मुंबईत आलेले आणि मराठी शिकून मराठीतच उपदेश करणारे अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिक परिसरातील दौऱ्यात कॉलऱ्याने वारले, हे आपल्या मराठी मंडळीने तरी विसरू नये.

त्यांच्यासारखी परकी भाषा आत्मसात करण्याइतका वेळ आपल्याजवळ नाही, त्यामुळे दुभाष्याबरोबर बोलण्याचा सराव इथेच करावा. गटातील प्रत्येकाने आपली साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव, पाच मिनिटांची लिहून काढावी आणि बुधवारच्या प्रार्थनासभेत एकाने मराठीत बोलायचे व दुसऱ्याने इंग्रजीत सांगायचे, अशी ती म्हणून पाहावी. वाक्य पुरे झाल्यावरच थांबावे. अर्ध्यावर थांबले की दुभाष्याची पंचाईत होते, कारण मराठीत क्रियापद शेवटी येते आणि तोपर्यंत त्याला काहीच सांगता येत नाही. अभिवादनापुरते व आभारापुरते स्वाहिली शब्द मात्र सर्वांनी पाठ करावेत.

सामान बांधताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे. आपल्याकडे चपला एका पिशवीत, ओला टॉवेल दुसरीत आणि चिवडा तिसरीत बांधण्याची सवय असते, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री प्रत्येकाची बॅग उघडून पाहावी आणि अशा पिशव्यांच्या जागी कापडी पिशव्या द्याव्यात. तिथल्या प्लगला तीन चपट्या पिना असतात, तेव्हा तसा ॲडॉप्टर घ्यावा. जुने कपडे गोळा करून नेऊ नयेत. वापरलेल्या कपड्यांचे मोठे बाजार केनियात आहेतच.

मुलांमध्ये सेवा करणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र काढून ते यजमान मंडळीला आधी पाठवावे. कोणत्याही मुलाबरोबर एकट्याने बंद खोलीत बसू नये, हा नियम वयाने व मानाने मोठ्या असलेल्यांनाही लागू राहील. पालकांच्या परवानगीशिवाय मुलांचे फोटो काढू नयेत आणि काढलेले फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नयेत. अनवाणी मुलाचा फोटो दाखवून इथे देणग्या मिळतात हे खरे आहे, पण आपले लेकरू तसे दाखवलेले आपल्याला चालणार नाही.

पैशांचा हिशेब दोघांनी मिळून ठेवावा. कोणी वैयक्तिक मदत मागितली तर हातात रोख न देता ती विनंती तिथल्या पाळकांपुढे ठेवावी, कारण कोणाची अडचण किती खरी आहे हे त्यांना माहीत असते आणि आपण निघून गेल्यावर होणारे रुसवेफुगवे त्यांनाच निस्तरावे लागतात. परतल्यानंतर आपल्या मंडळीपुढे जो जमाखर्च वाचायचा, त्याचीच प्रत किसुमूच्या मंडळीलाही पाठवावी आणि पुढच्या वर्षी त्यांना आपला गट पुन्हा हवा आहे का, हे त्याच पत्रात मोकळेपणाने विचारावे.