ठासणीच्या रायफलचे लग: कानस उचलण्याआधी नळीची भिंत मोजा

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात अठराव्या शतकात जर्मन वंशाच्या कारागिरांनी लांब नळीची रायफल घडवली. घरच्या गॅरेजमध्ये तशीच रायफल हाताने बनवायचा नाद अमेरिकेत अजून टिकून आहे, आणि इकडे येऊन राहिलेल्या माझ्यासारख्या मराठी फिटरलाही तो लागतो. इथल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याने ठासणीच्या बंदुकीला 'अँटिक' धरून बरीच मोकळीक दिली आहे. राज्याराज्यांचे नियम मात्र वेगळे, ते आधी बघावेत. भारतात तसं नाही. कोकणात शेतीसंरक्षणासाठी लोकांकडे ठासणीच्या बंदुका असतात, पण त्या परवान्याच्या. परवान्याशिवाय बंदूक बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा गावच्या पडवीत हा उद्योग मांडू नका.

लग म्हणजे नळीच्या पोटाला बसवलेला धातूचा छोटा कान. दस्त्याच्या पुढच्या लाकडातून आडवी पिन जाते, ती या कानाच्या भोकातून पार होते आणि नळी लाकडाला धरून राहते. ४२ इंची नळीला सहसा असे तीन पुरतात. लगचं काम एवढंच. बार उडाल्यावरचा धक्का तो घेत नाही. तो नळीच्या मागच्या टोकाकडून सरळ लाकडात जातो. हे डोक्यात नीट बसलं नाही की माणूस लग 'मजबूत' करायला निघतो आणि त्या नादात नळी कमजोर करून ठेवतो. लग बसवताना होणाऱ्या अशा चुका पुढे एकेक करून सांगतो.

नळी रिकामी आहे असं गृहीत धरणं

नवी नळी असेल तर प्रश्न नाही. जुनी असेल तर टॉर्च पेटवण्याआधी, ड्रिल लावण्याआधी गज, म्हणजे दारू-गोळी ठासायची लांब काठी, आत घाला. तोंडापाशी गजावर खूण करा, मग तोच गज नळीच्या बाहेरून धरून टोक कुठपर्यंत पोचतं ते बघा. रंजकाच्या छिद्रापर्यंत (मागच्या टोकाशी दारूला आग पोचते ते भोक) पोचलं तर ठीक. दोन-तीन इंच अलीकडेच थांबलं, तर आत कुणी कधीकाळी ठासलेली दारू आणि गोळी असू शकते. भिंतीवर टांगलेल्या जुन्या बंदुका अशा भरलेल्या सापडतात. ती नळी जाणकाराकडून रिकामी करून घेईपर्यंत बाजूला ठेवा.

डव्हटेल खोल घेणं

डव्हटेल म्हणजे लगचा पाया सरकवून अडकवण्यासाठी नळीत कापलेली, तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी आडवी खाच. ती खोल घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. हिशेब साधा आहे, पण तो कागदावर मांडणारे थोडे. अष्टकोनी नळी सपाटीपासून सपाटीपर्यंत २२.२ मिमी (७/८ इंच) आणि आतलं भोक १२.७ मिमी (०.५० इंच) असेल, तर भिंत सुमारे ४.७ मिमी. त्यातून रायफलिंगच्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचे ०.३ मिमी वजा करा. पारंपरिक नळी मात्र सरळसोट नसते. मागे जाड, मध्ये बारीक आणि तोंडाशी पुन्हा जाड असा तिचा घाट असतो. कमरेपाशी ती १९ मिमी भरली तर तिथली भिंत ३.१ मिमी, खाचा वजा जाता २.८. तिथे १ मिमीचं डव्हटेल घेतलं तर उरले १.८ मिमी. हात जरा जड पडून १.६ मिमी गेलं तर उरतात १.२. बाहेरून नळी जशीच्या तशी दिसते, म्हणून भीती वाटत नाही.

त्यात भोक बरोबर मधोमध आहे याचीही खात्री नसते. तोंडापाशी मोजलेली भिंत मधल्या भागाबद्दल काही सांगत नाही.

म्हणून लगचा पायाच पातळ निवडा; ०.८ ते १ मिमी खोली पुरते. मागच्या टोकाजवळ, जिथे दाब सर्वांत जास्त असतो, तिथून पहिला लग लांब ठेवा. हॅकसॉने उथळ रेघा घ्या, बाकी काम कानशीने. तिकोनी कानशीची एक बाजू ग्राइंडरवर गुळगुळीत करून घ्या, म्हणजे कडा कापताना तळ आणखी खोल जाणार नाही. दर पाच-दहा हात मारले की मोजा.

लग ढिला बसला तर डव्हटेलच्या ओठांवर हलके टोले द्या. पातळ जागी जोरात ठोकलं तर नळी आतून दबते. घट्ट चिंधी लावलेला गज आतून सावकाश फिरवा. एखाद्या जागी तो अडला तर तुमचा हातोडा तिथे पोचला आहे.

आणि खोल गेलेलं डव्हटेल डाखाने भरून 'झालं दुरुस्त' म्हणायचं नाही. डाखाने खड्डा बुजतो, दाब सोसायची ताकद परत येत नाही. लग स्क्रूने बसवताना ड्रिल भिंत भेदून आतल्या भोकात गेलं, तरी तेच. ती नळी गेली. अमेरिकेत नळीची सरकारी प्रूफ चाचणी (जादा दारू भरून नळी टिकते का ते बघणं) सक्तीची नाही, त्यामुळे तुमची चूक पकडायला पुढे कुणी बसलेलं नाही.

'सिल्व्हर सोल्डर' या नावाला फसणं

भिंत पातळ असेल तर डव्हटेल न कापता लग डाखाने जोडावा हे उत्तम. पण दुकानात एकाच नावाने दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक कथिल-चांदीचा मऊ डाख, साधारण २२१ अंश सेल्सिअसला वितळणारा. दुसरी चांदीची झाळ, तिला ६०० अंशांच्या वर तापवावं लागतं. लगला पहिला हवा. दुसऱ्याने नळी लाल होते, आत पापुद्रा धरतो आणि ती वाकूही शकते. वेल्डिंगचा तर विचारही नको.

डाख दिल्यावर आम्लाचं फ्लक्स खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, नाहीतर लगच्या कडेने गंज चढतो. शिवाय गरम कॉस्टिकच्या हौदात ब्लूइंग, म्हणजे पोलादाला निळसर-काळा रंग, करायचं मनात असेल तर ते विसरा. ते रसायन डाख खाऊन टाकतं. ब्राउनिंग (तपकिरी रंग) किंवा गंजवून केलेलं ब्लूइंग चालतं.

पिनचं भोक गोलच ठेवणं

इथे मी स्वतः फसलो. उन्हाळ्यात दमट हवेत बसवलेल्या पिना जानेवारीत, घरात हीटर चालू असताना, निघेचनात. एक ठोकून काढली तर दस्त्याच्या मेपल लाकडाची कपचीच निघाली. लाकूड लांबीच्या दिशेने फार हलत नाही, पण मीटरभर लांबीवर थोडंसुद्धा जाणवतं. नळीही स्थिर नसते: मीटरभर पोलाद ५० अंशांनी तापलं की सुमारे ०.६ मिमी वाढतं. पिनला सरकायला जागा नसेल तर दस्ता ताणतो आणि नेम हलतो. म्हणून भोक पाडून झाल्यावर लगमधलंच भोक, लाकडातलं नव्हे, बारीक कानशीने पुढे-मागे मिलिमीटरभर लांब करा. वर-खाली कानस लागू देऊ नका, नाहीतर नळी खडखडेल.

मूळ भोक मात्र नळी जागेवर क्लॅम्प करून, लाकूड आणि लग एकदमच, ड्रिल प्रेसवर पाडा. हातातलं ड्रिल भरकटतं. वर गेलं तर नळीला ओरखडा, खाली गेलं तर गजाच्या बिळात, म्हणजे नळीखाली लाकडात गज ठेवायच्या भोकात. नळीची खाच आणि गजाचं बीळ यांच्यामध्ये लाकूड जेमतेम ३ मिमी असतं. म्हणून लगची उंचीही आधी बघा; जास्त उंच लग बिळात डोकावतो आणि गज तिथेच अडकतो.

भोक चुकलंच तर त्याच लाकडाची खुंटी सरस लावून ठोका, सुकू द्या आणि नव्याने पाडा. पिनची दोन्ही टोकं गोल घासून घ्या आणि काढताना दर वेळी त्याच बाजूने ढकला.