रात्री नऊच्या गर्दीसाठी स्टोरेज कसं मोजायचं

लातुरात एका क्लासच्या रेकॉर्डेड लेक्चरचं स्टोरेज मी सांभाळतो. चार सर्व्हर, प्रत्येकात ६४ जीबी रॅम आणि ७२०० आरपीएमच्या १२ हार्डडिस्क, मधे १० गिगाबिटचा स्विच, वर एक पॅरलल फाइलसिस्टम, म्हणजे सगळ्या सर्व्हरच्या डिस्क मिळून एकच मोठी डिस्क दाखवणारं सॉफ्टवेअर. कागदावर हिशोब भक्कम होता. एक डिस्क सलग वाचताना सेकंदाला १५० एमबी धरली तर ४८ डिस्कचे ७,२०० एमबी होतात. गरज केवढी? जेवणं आटोपून १,५०० पोरं एकदम बसली, प्रत्येकाला दीड मेगाबिट, म्हणजे सेकंदाला साधारण २८१ एमबी. तरी एप्रिलमध्ये, नीटची परीक्षा तोंडावर आलेली असताना, रात्री नऊला हॉस्टेलवरून फोन सुरू झाले. "सर, लेक्चर नुसतं फिरलालंय, पुढं सरकनाच."

बसवून देणाऱ्याने टेस्ट करून दाखवली होती. एक मोठी फाइल, एका मशीनवरून, दोनदा वाचलेली. दुसऱ्यांदा ती डिस्कपर्यंत गेलीच नव्हती, रॅममधूनच आली होती. तो आकडा बघून मी सही केली. वर्षभर राबलेल्या पोराचं लेक्चर परीक्षेच्या तोंडावर अडकतं तेव्हा काय वाटतं ते मला ठाऊक आहे, म्हणून पुढचं सगळं नीट सांगतो.

पहिलं काम वहीतलं. आपल्याकडे गर्दी कशी होते ते लिहून काढा. जूनमध्ये सगळी पोरं आज झालेलं एकच लेक्चर बघतात. ते एकदा रॅममध्ये आलं की डिस्कला काम उरत नाही, कुठलीही फाइलसिस्टम पास होते. एप्रिलमध्ये रिव्हिजन असते. कुणी मागच्या वर्षीचं रोटेशनल मोशन काढतं, कुणी जेनेटिक्स, कुणी मोल कन्सेप्ट. १,५०० पोरं आणि जवळपास तेवढ्याच वेगळ्या फाइली. मोजायचा तो एप्रिल.

माझे वडील मोंढ्यात मापाडी होते. सोयाबीनची भरलेली गाडी काट्यावर आली की रिकाम्या गाडीचं वजन झाल्याशिवाय ते पट्टी पुढं सरकू देत नसत. इथंही तसंच करा. फाइलसिस्टमला हात लावण्याआधी आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजणारं टूल) चालवून प्रत्येक सर्व्हर ते प्रत्येक सर्व्हर नेटवर्क मोजा, दोन्ही दिशांनी. एखादी केबल किंवा पोर्ट गुपचूप १ गिगाबिटवर आलेला असतो, मग सेकंदाला सव्वाशे एमबीच्या वर काही जात नाही आणि दोष फाइलसिस्टमवर येतो. त्यानंतर एकेक डिस्क सुटी मोजा. बारांमधली एक जरी आजारी असली तरी तिच्यापायी सगळे थांबतात.

डिस्कचं गणित हाताने मांडून बघा, बाकी सगळं त्यातूनच उलगडतं. ७२०० आरपीएम म्हणजे एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद, हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी त्याच्या निम्मे. हेड सरकायला आणखी ८-९. म्हणजे एक बाइट वाचण्याआधीच १३ मिलिसेकंद गेले. दर वेळी १२८ केबी उचलले तर वाचायला एकही मिलिसेकंद लागत नाही, पण एकूण १४ जातात. सेकंदाला सत्तर वेळा, म्हणजे अवघे ९ एमबी. तेच १ एमबी उचलले तर एकूण २० मिलिसेकंद, आणि सेकंदाला ५० एमबी. १५० एमबीची डिस्क गर्दीत ९ वर येते ती अशी. प्रत्येक पोरगा आपलं लेक्चर सलगच बघतो, पण पंधराशे सलग वाचनं एकत्र आली की डिस्कला ती विस्कटलेलीच दिसतात. आमच्या ४८ डिस्कचे झाले जेमतेम ४३२ एमबी. त्यातच संध्याकाळची रेकॉर्डिंग चढत असतात, ट्रान्सकोडिंग (व्हिडिओच्या वेगवेगळ्या क्वालिटी बनवणं) चालू असतं, लिहिलेलं प्रत्येक अक्षर दोन सर्व्हरवर जातं.

आता खरी टेस्ट. हत्यार फिओ, स्टोरेजवर खोटी गर्दी करून वेग मोजणारं टूल. चार सर्व्हरची मिळून २५६ जीबी रॅम, म्हणून टेस्टचा डेटा निदान तिच्या दुप्पट हवा. मी ४०० एमबीच्या १,५०० फाइली करतो, ६०० जीबी होतात. डिस्क आधी सत्तर टक्के भरून घ्या. रिकाम्या डिस्कची बाहेरची कड जास्त वेगाने वाचली जाते, तो आकडा सहा महिन्यांनी मिळणार नाही. वाचणाऱ्या सहा मशीनवर, म्हणजे क्लायंटवर, फिओ सर्व्हर मोडमध्ये (हुकमाची वाट बघत) ठेवा, प्रत्येकावर २५० जॉब, एक जॉब म्हणजे एक पोरगा, प्रत्येक जॉबला स्वतःची फाइल. रेट सेकंदाला १८८ केबीला बांधा, तोच दीड मेगाबिट. रेट न बांधता धावू दिलं की जास्तीत जास्त वेग कळतो, पण गर्दी कळत नाही. स्टार्टडिलेला (जॉब किती उशिरा सुरू व्हावा) रेंज द्या, नाहीतर सगळे जॉब एकाच क्षणी दारावर येतात आणि पोरं तशी येत नाहीत. फिओचा डायरेक्ट पर्याय लावला तरी फक्त क्लायंटची कॅश (रॅममध्ये राहिलेला डेटा) टळते, म्हणून प्रत्येक फेरीआधी सर्व्हरवरची कॅशही रिकामी करा. अर्धा तास चालवा. तेवढ्या वेळात एका जॉबचे ३३८ एमबी वाचून होतात, फाइल संपत नाही, म्हणजे तोच डेटा दुसऱ्यांदा येत नाही. एक फेरी १२८ केबीच्या ब्लॉकने, एक १ एमबीच्या. दोन्हींत मोठा फरक दिसला तर रीड-अहेड (मागण्याआधीच पुढचा डेटा वाचून ठेवणं) वाढवून पैसे वाचतील.

निकालात सरासरी बघू नका. दीड तासाचं लेक्चर सहा सेकंदांच्या तुकड्यांत ९०० तुकडे होतं. एका वाचनाला एक तुकडा धरला, तर ९९ टक्के वाचनं वेळेत झाली म्हणजे प्रत्येक पोराचे सरासरी नऊ तुकडे उशिरा आले. मी फिओच्या निकालातली ९९.९ ची ओळ बघतो, म्हणजे ९९.९ टक्के वाचनं किती वेळात झाली ती, तिथं लेक्चरमागं जेमतेम एक तुकडा उरतो. ती एका सेकंदाच्या आत राहील तोवर जॉब वाढवत जायचं. ५००, १,०००, १,५००, २,०००. ज्या आकड्यावर ती ओळ उसळी मारते, तेवढीच पोरं आपलं स्टोरेज झेलतं.

हीच फेरी स्ट्राइप, म्हणजे एक फाइल किती ठिकाणी तोडून ठेवायची ते, बदलून पुन्हा करा. बीजीएफएस ही पॅरलल फाइलसिस्टम मुळात फाइलीचे ५१२ केबीचे चंक (तुकडे) चार टार्गेटवर (साठवायच्या जागांवर) पसरवते. मोठ्या सायंटिफिक फाइलींना ते उत्तम. आपला तुकडा १.१ एमबीचा, त्याचे तीन चंक तीन ठिकाणी जातात, म्हणजे एका तुकड्यासाठी तीन डिस्कना हेड हलवावं लागतं. टार्गेट एकवर आणा आणि मोजा. लस्टर, ग्लस्टर, सेफएफएस या तशाच दुसऱ्या फाइलसिस्टम. लस्टरमध्ये स्ट्राइप काउंट एक करायचा. ग्लस्टरच्या साध्या डिस्ट्रिब्यूट व्हॉल्यूममध्ये फाइल अख्खी एकाच ब्रिकवर, म्हणजे एकाच साठवणीच्या जागेवर, असते. सेफएफएस फाइल ज्यात तोडतं तो ऑब्जेक्ट ४ एमबीचा, तिथं तुकडा बहुधा एकातच मावतो.

फाइलींची संख्याही मोजा. ९०० तुकडे, चार क्वालिटी, एका लेक्चरच्या ३,६०० फाइली. अशी ५,००० लेक्चर म्हणजे १ कोटी ८० लाख. यासाठी एमडीटेस्ट (फाइली उघडण्या-शोधण्याचा वेग मोजणारं टूल) चालवा, आणि मेटाडेटा, म्हणजे कुठली फाइल कुठं आहे त्याची नोंद, एसएसडीवरच ठेवा. त्याहून सोपा उपाय म्हणजे तुकडे न पाडता क्वालिटीमागं एकच फाइल ठेवून बाइट-रेंजने, म्हणजे मागितला तेवढाच भाग, देणं. एचएलएसला, म्हणजे व्हिडिओ तुकड्या-तुकड्यांनी पाठवायच्या पद्धतीला, ते चालतं.

शेवटची फेरी बहुतेक जण टाळतात. १,५०० जॉब चालू असताना एक डिस्क ओढून काढा. घड्याळ लावून बसा, ९९.९ ची ओळ कुठं जाते ते दर मिनिटाला लिहा. मग नवी डिस्क घाला आणि रिबिल्ड (गेलेला डेटा नव्या डिस्कवर परत भरणं) चालू असताना तेच पुन्हा लिहा. आमची ओळ रिबिल्डमध्ये चार सेकंदांवर गेली होती. तेव्हा रिबिल्डचा वेग बांधला, संध्याकाळी सहा ते रात्री बारा अगदी कमी, पहाटे मोकळा, आणि तीच फेरी परत घेतली.