गणपतीत पेरा, गड्ड्याला तोडा : घरच्या गावरान टोमॅटोसाठी

सोलापुरात घरी टोमॅटो लावताना बहुतेक जण चुकतात ते तारखेत. मीही एकदा फेब्रुवारीत बी टाकलं होतं. रोपं झकास झाली, एप्रिलमध्ये फुलांनी लगडली आणि फळ मात्र एकही धरलं नाही. दिवसा पारा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही २४ च्या खाली येईना, की टोमॅटोचे परागकण निकामी होतात आणि फूल देठासकट गळतं. तिथे खत घालून काही होत नाही.

म्हणून बी गणपतीच्या दिवसांत टाका. घटस्थापनेच्या आगेमागे रोपं कुंडीत जातात, पहिली फळं डिसेंबर सरता सरता लाल होतात आणि संक्रांतीच्या सुमाराला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत तोडा चांगला सुरू होतो. मोठ्या, खोबणीच्या फळांचे वाण आणखी दोन-तीन आठवडे मागे राहतात.

बी सरळ वाणाचंच घ्या. गावरान, बाहेरचे 'एअरलूम' (पिढ्यानपिढ्या जपलेले जुने वाण) किंवा पुसा रुबीसारखा जुना सुधारित वाण, यांच्या बियांतून पुढच्या वर्षी तेच झाड येतं. संकरित टोमॅटोचं बी धरलं तर दहा रोपं दहा तऱ्हेची निघतात.

बी ट्रेमध्ये अर्धा सेंटिमीटर खोल टाका, कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं. पाच ते आठ दिवसांत उगवतं. आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस जोराचा असतो, तेव्हा ट्रे पत्र्याखाली पण उजेडात ठेवा, नाहीतर रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. मिश्रणात थोडी ट्रायकोडर्मा, म्हणजे कुज रोखणारी उपयोगी बुरशी, मिसळलेली बरी. वरून बारीक जाळी हवीच. पांढरी माशी रोपातच चुरडामुरडा, म्हणजे पानं आकसवणारा विषाणूचा रोग, देऊन जाते आणि मग त्या झाडावर औषध नाही, उपटून टाकायचं.

आणखी एक, जरा नाजूक बाब. हे विड्या वळणाऱ्या हातांचं गाव आहे. तंबाखूतून मोझॅकचा विषाणू टोमॅटोवर येऊ शकतो. तंबाखू मळली असेल तर साबणाने हात धुतल्याशिवाय रोपाला शिवू नका.

पंचवीस-तीस दिवसांनी रोप तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात लावा, बुडाला चार-पाच भोकं पाडून. नुसती काळी माती भरू नका. ती ओली असताना चिखल होते, वाळली की भेगाळते आणि मुळं तुटतात. काळी माती, कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू सारख्या मापाने घ्या. पत्रा तापतो, म्हणून डब्याला गोणपाट गुंडाळा. रोप खालची पानं काढून खोल लावलं तर खोडालाही मुळं फुटतात. गावरान वाण उंच वाढत राहतात, त्यांना पाच फुटांची काठी लागतेच.

खरी अडचण पाण्याची. नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि आलं की आपण झाडांना भरभरून ओततो. कोरड्यानंतरच्या या पुरानेच फळं तडकतात, बुडाला काळा चट्टा पडतो. तो रोग नव्हे. पाण्याच्या चढउतारामुळे कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. पिंपात साठवा आणि रोज सकाळी बेताने द्या. मातीवर उसाचं पाचट अंथरा. खाऱ्या बोअरचं पाणी शक्यतो टाळा, पानांच्या कडा करपतात.

बी धरायचं झाड डिसेंबरातच हेरून ठेवा. सगळ्यात मोठं फळ बघून भुलू नका. ज्या झाडावर रोग नाही आणि जे भरपूर लागलंय, त्याचं दुसऱ्या-तिसऱ्या घोसाचं फळ पूर्ण पिकू द्या. शेजारी दुसरा वाण असेल तर फुलं उमलण्याआधी त्या घोसाला मलमलची पिशवी बांधा, फळ धरलं की काढा. गर वाटीत काढून दोन-तीन दिवस आंबवा, वास सुटेल, सुटू द्या. त्याने बियांवरचा बुळबुळीत थर सुटतो. धुऊन सावलीत ताटलीवर वाळवा, कागदावर नको, चिकटून बसतं. कोरड्या बाटलीत हे बी चार वर्षं सहज उगवतं.

मार्चअखेर झाड थकतं. उरलेली हिरवी फळं उतरवून शेंगदाण्याचं कूट आणि लसूण घालून चटणी करा.