उमेदवाराचं शपथपत्र कसं वाचावं

आधी मतदार यादीत आपलं नाव बघा. कार्ड खिशात असलं तरी यादीत नाव असेलच असं नाही. नसेल तर फॉर्म ६ भरा, पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८.

आता खरं काम. लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत नमुना २६ मधलं शपथपत्र द्यावं लागतं. निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर आणि अ‍ॅपवर ते मिळतं. शोधताना वडिलांचं नाव आणि पत्ता जुळवून घ्या. मातब्बराच्या विरोधात त्याच नावाचा कुणीतरी उभा करायची आपल्याकडे जुनी खोड आहे. महापालिका आणि झेडपीचं शपथपत्र इथे शोधू नका, त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो.

बहुतेक जण मालमत्तेपाशी घसरतात. ‘शेवटचा सारांश वाचा, बेरीज कळते’ असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो साफ चुकीचा आहे. मीही एकदा तेच केलं. आमच्या भागातल्या एका उमेदवाराची संपत्ती पाच वर्षांत तिप्पट झाल्याचं चहाच्या टपरीवर छातीठोकपणे सांगितलं. घरी येऊन आतली पानं उघडली, तर वाढ जवळजवळ सगळी वडिलोपार्जित जमिनीची. शेजारून हायवे गेला होता, भाव चढला होता. माणसाने एक गुंठाही नवा घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशी टपरीवर जाऊन शब्द मागे घ्यावे लागले.

तेव्हापासून मी मागच्या निवडणुकीचं शपथपत्रही काढतो आणि दोन्ही शेजारी ठेवतो. जमिनीचे गट नंबर एकेक करून जुळवायचे. दोन्हीकडे आहेत ते खोडायचे, तिथली वाढ बाजारभावाची. सोन्याचे रुपये बघू नका, वजन बघा. खोडून उरतं ते नवं. त्याची खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि ते कुणाच्या नावावर आहे हे वाचा. पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब, अवलंबित असे वेगळे रकाने असतात, आणि मजकूर बहुतेकदा त्याच रकान्यांत सापडतो. गट नंबर हाती आहेच, तर महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबाराही बघून टाका.

मग खरेदीची किंमत पाच वर्षांच्या आयकर विवरणातल्या उत्पन्नाशी ताडून बघा. उत्पन्न वर्षाला सहा लाख आणि खरेदी दोन कोटींची असेल, तर देण्यांचा रकाना उघडा. कर्ज कुणाचं आहे? बँकेचं, की स्वतःच्याच कंपनीचं? पण इथेही घाई नको. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे बागायतदाराचं विवरण बारीक दिसणारच. तेवढ्यावरून त्याला चोर ठरवू नका.

उलट, मालमत्ता घटली म्हणून भाबडेपणाने खूशही होऊ नका. मुलगा कमावता झाला की तो अवलंबित राहत नाही, आणि त्याच्या नावावरचं सगळं शपथपत्रातून कायदेशीरपणे बाहेर पडतं. जुन्या कागदावरचा एखादा गट नव्यात नसेल, तर विकला की पोराच्या नावावर गेला, हे प्रचाराला दारात आलेल्यांना विचारा. मी विचारतो. चहा न घेताच निघून जातात.

गुन्ह्यांचा रकाना त्या मानाने सोपा. आकडा मोजू नका, कलमं वाचा. जमावबंदी मोडल्याचे दहा गुन्हे म्हणजे बहुधा आंदोलनं. फसवणुकीचा एकच असला तरी (जुनं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८) थांबून वाचा. न्यायालयाने आरोप निश्चित केलेत का, तेही तिथेच लिहिलेलं असतं. गुन्हे असलेल्याला तिकीट का दिलं, याची कारणं पक्षाला जाहीर करावी लागतात, आणि ‘निवडून येतो’ एवढंच कारण चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बजावलं आहे. पक्षाच्या संकेतस्थळावर ती कारणं शोधून वाचा.